मे महिन्यातलं जाकीट

धुळ्यात मे महिन्यात पारा 44च्या आसपास जातो. अशा उन्हात आत घट्ट बनियन आणि वर जाकीट घालून फिरणारा पोरगा दिसला की लोक हसतात. मला हसू येत नाही, कारण चौदाव्या वर्षी मीही तसाच फिरायचो.

दोन्ही बोंडांखाली सुपारीएवढी गाठ आली होती. शर्ट घासला तरी दुखायचं, धावताना तर फारच. मित्र मळ्यातल्या विहिरीवर पोहायला जायचे, मी काठावर बसून त्यांचे कपडे राखायचो. कवायतीच्या तासाला एका मास्तरांनी मला मुलीचं नाव ठेवलं आणि वर्गाने ते वर्षभर चालवलं. मी खांदे पुढे ओढून, पोक काढून चालायला लागलो. ताठ चालत नाही म्हणून अब्बांचा ओरडा खायचो, पण खरं कारण त्यांना कधी सांगितलं नाही. तशी भाषाच आमच्या घरात नव्हती. आपल्या शरीरात काहीतरी चुकलंय, आपण पुरते पुरुष नाही, असं वाटायचं. ते वाटणं गाठीपेक्षा जास्त दिवस टिकलं.

पुढे जळगावात, युनानी शिकलेल्या एका दोस्ताच्या घरी, अबुल कासिम अल्-जहरावींच्या ‘अत्-तसरीफ’ची माहिती वाचायला मिळाली. कुर्तुब्याजवळच्या मदीनत अज्-जहरा इथले हे हकीम साधारण 1013 साली वारले. त्यांच्या ग्रंथाचे 30 भाग आहेत आणि शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा, अवजारांच्या आकृत्यांसकट. आपण त्यांचं नाव अभिमानाने घेतो, जलशांतल्या भाषणांतही घेतो. पण त्याच भागात पुरुषांच्या वाढलेल्या छातीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

या विकाराला गायनेकोमास्टिया हे नाव दुसऱ्या शतकात गॅलेनने दिलं. आपल्याकडे ज्यांना जालीनूस म्हणतात तेच हे. सातव्या शतकात अलेक्झांड्रियात पॉल ऑफ एजिना यांनी त्यावरची शस्त्रक्रिया लिहून ठेवली : स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद घ्यायचा, आतली चरबी काढायची, टाके घालायचे. स्तन फार लोंबत असेल तर दोन कोरी घेऊन मधली जादा कातडीही काढायची. पॉल यांचा ग्रंथ नवव्या शतकात हुनैन इब्न इसहाक यांनी अरबीत आणला. हुनैन ख्रिस्ती होते, हेही जाता जाता सांगून ठेवतो. जहरावींची कृती बरीचशी पॉल यांचीच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. बाराव्या शतकात जहरावींचा हा भाग लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातले सर्जन पुढची काही शतकं त्यावर शिकले.

मी अडकलो ते एका छोट्या फरकापाशी. शस्त्रक्रिया का करायची, तर पॉल म्हणतात, या व्यंगामुळे माणसाला बायकी म्हणून हिणवलं जातं. जहरावी म्हणतात, वयात येताना काही जणांची छाती अशी वाढते आणि तशीच राहते. ज्याला ते नको वाटतं, त्याच्यावर असे उपचार करावेत. ज्याला नको वाटतं त्याच्यावर. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या त्या हकिमाला रुग्णाची स्वतःची नापसंती हे कारण पुरेसं होतं. आमच्या मोहल्ल्यात मात्र ‘मर्द असून काय लाजतोस’ एवढंच औषध मिळायचं.

आजचं वैद्यक सांगतं की वयात येताना निदान निम्म्या मुलांना थोडीफार अशी वाढ होते, आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. स्त्री आणि पुरुष संप्रेरकांचा तोल काही काळ ढळतो, इतकंच. मोठ्या वयात मात्र कारण शोधावं लागतं : यकृताचा आजार, स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधं, आणि जिममध्ये ‘बॉडी’ बनवायला घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं. ज्या छातीसाठी पोरं सुई टोचून घेतात तीच बिघडते. एकाच बाजूला कडक गाठ असेल किंवा बोंडातून स्राव येत असेल तर लगेच दाखवावं. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो, क्वचित असला तरी.

माझी डावी बाजू ओसरली, उजवी थोडी राहिली. उमराहला गेलो तेव्हा तवाफमध्ये इहरामची चादर उजव्या बगलेखालून घेऊन तो खांदा उघडा ठेवायचा होता. वयाच्या चाळिशीत, काब्यासमोर, सातही फेऱ्यांत माझा हात चादर वर ओढत राहिला. कुणी बघतही नव्हतं.

गेल्या वर्षी जळगावला बहिणीकडे गेलो तेव्हा पंधरा वर्षांचा भाचा पंख्याखाली जाकीट घालून बसला होता. मी बहिणीशी बोललो आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन एका सर्जनकडे गेलो. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या, जिम, सगळं विचारलं. म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, सहा महिने वाट पाहू. मग त्याच्याकडे वळून विचारलं, ‘‘तुला त्याचा त्रास होतो का?’’

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. मग तो हळूच म्हणाला, ‘‘हो, होतो.’’