न चाललेल्या मोटारींचा लिलाव

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं नेब्रास्का हें शेतकऱ्यांचें संस्थान. तेथील पीअर्स नांवाच्या लहानशा गांवीं १९४६ सालीं लॅम्ब्रेक्ट शेव्हरोले ही मोटारविक्रीची पेढी निघाली व १९९६ पर्यंत चालली. वर्ष सरून नवा नमुना आला, कीं उरलेली मोटार पडत्या भावानें काढून टाकावी, हा या व्यापारांतील रूढ मार्ग. या पेढीच्या मालकानें मात्र उरलेल्या नव्या मोटारी कुलपांत ठेवल्या. गिऱ्हाइकांनीं मोबदल्यांत दिलेल्या जुन्या गाड्याहि त्यानें बहुधा विकल्या नाहींत. त्या रानांत झाडांखालीं गंजत उभ्या राहिल्या.

पुढें मालक व त्याची पत्नी वृद्ध झालीं, तेव्हां सर्व गाड्या विकण्याचें ठरलें. २०१३ च्या सप्टेंबरांत, २८ व २९ तारखेस, गांवाबाहेरील शेतांत सुमारें पांचशें गाड्यांचा लिलाव झाला. हजारों लोक लोटले. पन्नासांच्या आसपास गाड्यांच्या मापकावर दहा मैलहि भरले नव्हते. १९५८ सालची कॅमिओ ही मालवाहू गाडी अवघी १.३ मैल चाललेली. तिला १,४०,००० डॉलर आले. अकरा मैल चाललेली १९६३ ची इंपाला ९७,५०० डॉलरांस गेली.

एवढा पैसा लोकांनीं दिला तो कशासाठीं? प्रवासासाठीं खासच नव्हे. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीचें रबर कडक होतें, टांकींतील पेट्रोल चिकटून बसतें. ती चालवावयाची म्हणजे हे भाग बदलणें आलें, आणि जितकें बदलावें तितका तिचा अस्सलपणा कमी. नव्यानें रंगविलेली जुनी गाडी हवी तेव्हां करून घेतां येते; कारखान्यांत चढलेला पहिला रंग व तेथेंच बसविलेलें बैठकीचें कापड मात्र गेलें तें गेलें. कॅमिओ घेणाऱ्याचा पेंच असा, कीं ती हांकावी तर मैलांचा आंकडा वाढतो, आणि न हांकावी तर ती गाडी कसली?

मालकाच्या दूरदृष्टीची पुष्कळांनीं वाहवा केली. पण हिशेब करून पाहावा. १९५८ मध्यें त्या कॅमिओची किंमत सुमारें सव्वादोन हजार डॉलर होती. ती रक्कम दरसाल शेंकडा आठ चक्रवाढ व्याजानें ठेवली असती, तर ५५ वर्षांत दीड लाखांवर गेली असती. ही तर लिलावांतील सर्वांत नांवाजलेली गाडी! तेव्हां गाड्या राखल्या त्या केवळ नफ्यावर डोळा ठेवून, असें म्हणणें कठीण. कांहीं माणसांना वस्तु हातची सोडवत नाहीं, एवढेंच कारण त्यास पुरे व्हावें.

झाडांखालच्या गंजलेल्या गाड्या त्याच शेतांत, त्याच दोन दिवसांत, अल्प किंमतीस गेल्या. त्यांनीं मात्र एकेकाळीं माणसें वाहिलीं होतीं.