शेतातले दगड आणि चर्चचं जंगल

आज ऐकता ऐकता एक काम करा. फोनवर मॅप उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि इथियोपियातलं ताना सरोवर शोधा. आता थोडं पूर्वेकडे सरका. सगळीकडे तपकिरी शेतं दिसतील आणि त्यांच्यात मधेच गडद हिरवे, गोलसर ठिपके. एखाद्या ठिपक्यावर झूम करा. मधोमध पत्र्याचं छप्पर चमकतं ना? ते चर्च. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा ऑफिसात बिल्ड चालू होतं. बिल्ड संपलं, तरी मी ठिपकेच मोजत होतो.

या भागाचं नाव दक्षिण गोंदर. एवढ्या एका भागात अशी हजाराहून जास्त चर्च-जंगलं आहेत. बहुतेक लहानच, चार-पाच हेक्टरच्या आसपास.

चौथ्या शतकात अक्सुमचा राजा एझाना ख्रिस्ती झाला. म्हणजे हा धर्म तिथे युरोपीय मिशनऱ्यांच्या कितीतरी आधीपासून आहे. इथली जुनी चर्चं बऱ्याचदा गोल असतात, एकात एक तीन वर्तुळं. सगळ्यात आतल्या वर्तुळात 'ताबोत' ठेवतात, म्हणजे मोझेसच्या आज्ञांच्या पाट्यांची प्रतिकृती. तिथे फक्त पाद्री जातात. आणि सगळ्यात बाहेर झाडं: जुनिपर, रानटी ऑलिव्ह. झाडं म्हणजे चर्चचे कपडे, असं तिथले पाद्री सांगतात.

देवराई आठवली ना? मलाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात आपल्या देवरायांवर लिहिलं, ते वाचताना असंच काहीसं डोळ्यासमोर येतं. पण देवराई म्हटलं की आपण सहसा 'काडीसुद्धा उचलायची नाही' हेच ऐकलेलं असतं. इथे लोक जंगलात चक्क वावरतात. रविवारची प्रार्थना संपली की 'सेनबेते' नावाची मंडळी आवारातच जेवायला बसतात. भाकरी आणि घरी बनवलेली बिअर आणायची पाळी आळीपाळीने प्रत्येक घरावर. धार्मिक शिक्षण घेणारी मुलं झाडांखाली छोट्या झोपड्या बांधून राहतात, गीझ भाषेतलं पाठांतर करतात आणि गावात भिक्षा मागून जेवतात. गावातली माणसं गेली की पुरतात तीही इथेच.

आता १९७५ ला येऊ. आदल्या वर्षी सम्राट हेले सेलासी यांची सत्ता गेली होती आणि देर्ग नावाचं लष्करी सरकार आलं होतं. त्यांनी एका फर्मानाने सगळी ग्रामीण जमीन सरकारजमा केली. तोवर चर्चला मोठमोठ्या जमिनींवरून धान्य आणि कर मिळायचा, तो बंद झाला. चर्चच्या हाती उरलं ते मुख्यतः आवार आणि त्यातली झाडं. तिथून पुढे ही झाडं राखणं म्हणजे गावाचंच काम.

इथे एक गोष्ट खटकते. इंटरनेटवर सगळीकडे वाचायला मिळतं की १९०० साली इथियोपियाचा ४० टक्के भाग जंगल होता आणि मग सगळं तुटलं. जेम्स मॅकॅन या इतिहासकाराने या आकड्याला पुरावाच नाही, हे दाखवून दिलंय. शिवाय इटालियन सैन्याच्या काळातले, १९३८ चे विमानातून काढलेले फोटो आहेत. अभ्यासकांनी ते आजच्या चित्रांशी ताडून पाहिले. चर्च-जंगलांचा आकार बराचसा टिकलेला निघाला. गेली ती मधली झुडपं, जंगल आणि शेत यांच्यामधली. आता नांगर थेट झाडाच्या बुंध्याशी येतो. गुरं आत शिरतात आणि रोपं खातात. म्हातारी झाडं उभी आहेत, पण खाली पोरं नाहीत, अशी अवस्था.

आलेमायेहू वासी हे तिथलेच जंगल-अभ्यासक. त्यांनी आणि अमेरिकन शास्त्रज्ञ मेग लोमन यांनी पाद्र्यांना एकत्र बोलावून त्यांच्याच जंगलांची सॅटेलाइट चित्रं दाखवली. पाद्र्यांचा उपाय साधा होता: भिंत. शेतं दगडांनी भरलेली, नांगराला अडणारी. तेच दगड वेचून गावकऱ्यांनी सिमेंटशिवाय गडगे रचले. शेत मोकळं झालं आणि गुरं बाहेर राहिली. काही ठिकाणी भिंत जंगलाच्या कडेपासून जरा बाहेर घातली, झाडांना पसरायला जागा म्हणून. मला हा भाग सगळ्यात आवडतो. जिथे शेताच्या एकेका सरीला किंमत आहे, तिथे अख्खी पट्टी सोडायची!

सगळं गोड नाहीये. भिंतीच्या आतही नवी मोठी चर्चं, सिमेंटची थडगी वाढतायत आणि त्यासाठी झाडं पडतायत. निलगिरीचं तर विचारूच नका. सम्राट मेनेलिकच्या काळात, १८९० च्या दशकात, राजधानीत जळण कमी पडलं म्हणून ती आणली. तिकडे तिला 'बाहिर झाफ' म्हणतात, म्हणजे समुद्रापलीकडचं झाड. लवकर वाढते, पैसे देते, म्हणून काही चर्चंही ती लावतात. आणि २०२३ पासून या अम्हारा प्रदेशात सशस्त्र संघर्ष चालू झाला, तेव्हा भिंत घालायला हात कुठून मिळणार, हाही प्रश्न आहेच.

मॅप अजून उघडा असेल तर त्या ठिपक्याच्या कडेला बारीक राखाडी रेघ दिसते का बघा. दिसली तर ते शेतातले दगड. रेघ आणि झाडं यांच्यामध्ये थोडी हिरवट पट्टी असेल, तर तिथे रोपं उगवू लागली असतील.