शीतलेची टेकडी आणि देवीचा विषाणू

जयपूरच्या दक्षिणेस, चाकसूनजीक, शीतलामातेची टेकडी आहे. चैत्र वद्य अष्टमीस तेथे मोठी यात्रा भरते. आम्हा जयपूरस्थ मराठी मंडळींच्या पंचांगात त्या दिवशी फाल्गुनच असतो, आणि आपली शीतलासप्तमी तर श्रावणात! शिळ्या अन्नाचा नैवेद्य मात्र दोहींकडे सारखाच. ज्या रोगाची ही देवता, तो भारतातून हटल्याचे १९७७ साली जाहीर झाले.

त्या रोगाचे मर्म विषाणूच्या घडणीत आहे. विटेच्या आकाराचा हा विषाणू दोन वेषांत वावरतो. एकेरी आवरणाचा काटक कण खपलीत दीर्घकाळ तग धरून दुसऱ्या देहात शिरतो. त्यावर आणखी एक नाजूक आवरण चढले, की तो शरीरातल्या शरीरात फैलावतो. मृत विषाणूची लस दुबळी ठरली ती यामुळेच. तिच्यामुळे शरीरास त्या बाह्य आवरणाची ओळख पटत नसे. जिवंत लस ती पटवून देई. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला गाईच्या देवीची लस टोचली, तेव्हा यातले कोणासही ठाऊक नव्हते. तिच्या फोडातील लशीवरच पुढची लसटोचणी चालली.

२०२२ साली राजस्थानच्या गाईंवर लंपीची साथ कोसळली. तिचा विषाणू याच कुळातला, आणि शेळ्यांच्या देवीच्या विषाणूशी त्याचे इतके साम्य, की शेळ्यांची लसच गाईंना टोचण्यात आली. हिस्सार व इज्जतनगरच्या संशोधकांची खास लस १० ऑगस्टला जाहीर झाली. तोवर पुष्कळ गोठे ओस पडले होते.