नियासिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या: दुष्परिणाम आणि घ्यायची काळजी

अमेरिकेहून आलेल्या मुलाने किंवा भाचीने बॅगेतून काढून दिलेली व्हिटॅमिनची बाटली आपल्याकडे बऱ्याच घरांत असते. तिच्यावर कधी कधी ‘नियासिन ५०० मिग्रॅ’ असे लिहिलेले असते. कोलेस्टेरॉलला चांगले, आणि शेवटी व्हिटॅमिनच, म्हणून आजोबा ती सुरू करतात. पहिल्याच गोळीनंतर अर्ध्या तासात चेहरा, कान आणि मान लालबुंद होते, अंगाची आग होते आणि घरचे घाबरून डॉक्टरांना फोन लावतात. ही लाली बहुधा निरुपद्रवी असते. खरी काळजी करायची ती शरीराच्या आत होणाऱ्या आणि वरून न दिसणाऱ्या परिणामांची.

शरीराला किती लागते?

नियासिन म्हणजे व्हिटॅमिन बी३. मोठ्या माणसाला ते दिवसाला साधारण १४ ते १६ मिलिग्रॅम पुरते. शेंगदाणे, मासे, चिकन, डाळी यांतून ते सहज मिळते. १०० ग्रॅम शेंगदाण्यांतच सुमारे १२ मिग्रॅ असते. त्याच्या कमतरतेने पेलाग्रा हा त्वचेचा, पोटाचा आणि मेंदूचा आजार होतो. एके काळी दख्खनमध्ये जवळजवळ केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब कुटुंबांत तो दिसत असे. भाकरीबरोबर डाळ, भाजी, दाण्याची चटणी खाणाऱ्याने त्याची धास्ती घेऊ नये. आज हा आजार दिसतो तो प्रामुख्याने अति मद्यपान करणाऱ्यांत, आणि क्वचित टीबीसाठी आयसोनियाझिड घेणाऱ्यांत.

बाजारात बी३ मुख्यतः दोन रूपांत मिळते: निकोटिनिक ॲसिड आणि निकोटिनामाइड. (तंबाखूतल्या निकोटिनशी गल्लत होऊ नये म्हणूनच ‘नियासिन’ हे नाव रूढ झाले.) आपल्या नेहमीच्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीत बहुधा निकोटिनामाइड असते, साधारण ५० ते १०० मिग्रॅ. त्याने अंग लाल होत नाही आणि कोलेस्टेरॉलही उतरत नाही. डॉक्टरांनी काही दिवसांसाठी दिलेली ती गोळी हा लेख वाचून बंद करू नका. येथे पुढे जे लिहिले आहे ते निकोटिनिक ॲसिडच्या ५०० मिग्रॅ आणि त्यावरच्या डोसबद्दल आहे.

मग एवढा मोठा डोस आला कुठून?

१९५५ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांना आढळले की निकोटिनिक ॲसिड मोठ्या मात्रेत दिल्यास कोलेस्टेरॉल कमी होते. डोस दिवसाला १ ते ३ ग्रॅम, म्हणजे गरजेच्या शंभरपट आसपास. त्याने वाईट कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड उतरतात, चांगले कोलेस्टेरॉल वाढते. रिपोर्ट सुधारतो यात शंका नाही. प्रश्न असा, की हार्ट ॲटॅक टळतात का?

स्टॅटिन गोळ्या घेणाऱ्या रुग्णांवर याचे दोन मोठे अभ्यास झाले. २०११ मध्ये ‘एम-हाय’ हा अभ्यास फायदा दिसेना म्हणून मुदतीआधीच थांबवला गेला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एचपीएस२-थ्राइव्ह’ या अभ्यासात पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांना सुमारे चार वर्षे पाहिले; निम्म्यांना नियासिन आणि लाली कमी करणारे एक औषध दिले होते. हार्ट ॲटॅक किंवा स्ट्रोक त्यांच्यात लक्षणीय कमी झाले नाहीत. उलट नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढले. जंतुसंसर्ग आणि रक्तस्रावही जास्त दिसले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नियासिन आणि स्टॅटिन एकत्र असलेल्या गोळ्यांची मान्यता काढून घेतली. माझ्या मते स्टॅटिन चालू असलेल्या रुग्णाने स्वतःच्या मनाने नियासिन जोडण्याला आज काहीही आधार उरलेला नाही.

लाली आणि खाज

निकोटिनिक ॲसिडमुळे त्वचेत प्रोस्टाग्लँडिन हे रसायन तयार होते आणि रक्तवाहिन्या फुलतात. तासाभरात हे ओसरते. गरम चहा, तिखट जेवण किंवा दारू यांनी ते वाढते. सोबत रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून वयस्कर माणसांनी आणि बीपीची गोळी घेणाऱ्यांनी झटकन उठू नये. लाली टाळायला आधी ॲस्पिरिन घ्यावी असा सल्ला सर्रास दिला जातो; अल्सर असणाऱ्याने किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो मानू नये.

लिव्हर

सर्वांत गंभीर भाग हा. लालीला कंटाळून लोक हळूहळू विरघळणाऱ्या, म्हणजे ‘सस्टेन्ड रिलीज’ किंवा ‘स्लो रिलीज’ गोळीकडे वळतात. लाली कमी होते, पण लिव्हरला इजा होण्याचा धोका वाढतो. १९९४ च्या एका अमेरिकी तुलनेत डोस ३ ग्रॅमपर्यंत वाढवत नेला, तेव्हा स्लो रिलीज घेणाऱ्या २३ पैकी १२ जणांच्या लिव्हरवर परिणाम झाला. साधी गोळी घेणाऱ्या गटात एकाच्याही नाही. म्हणून साध्या गोळीवरून तेवढ्याच मिलिग्रॅमच्या स्लो रिलीज गोळीवर जाणे ही मोठी चूक आहे. आणि ‘नो फ्लश’ लिहिलेल्या बाटलीत बहुधा इनोसिटॉल हेक्सानिकोटिनेट असते. त्यातून निकोटिनिक ॲसिड फारसे सुटतच नाही, त्यामुळे लालीही नाही आणि कोलेस्टेरॉलवर परिणामही नाही. पैसे मात्र जातात.

इतर त्रास

साखर वाढते, युरिक ॲसिड वाढते. मधुमेहाच्या रुग्णाची नीट चाललेली साखर अचानक बिघडली, किंवा पायाचा अंगठा सुजून ठणकू लागला, तर डॉक्टर नव्या औषधांबद्दल विचारतात आणि रुग्ण ‘काही नाही’ म्हणतो, कारण व्हिटॅमिन त्याच्या हिशेबात औषध नसते. शिवाय मळमळ, जुलाब, जुना अल्सर उफाळणे होते. क्वचित डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी पाणी साचून नजर धूसर होते. गोळी थांबवली की ती बहुधा सुधारते. स्टॅटिनबरोबर घेतल्यास स्नायूंना इजा होण्याची शक्यता वाढते.

लिव्हरचा आजार, चालू अल्सर किंवा रक्तस्राव असेल तर ही गोळी नकोच. मधुमेह, गाऊट, नियमित मद्यपान, गरोदरपण यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आधीच घेत असाल तर

स्वतःहून सुरू केली असेल तर बंद करा. ही गोळी हळूहळू कमी करत न्यावी लागत नाही. मग डॉक्टरांना भेटून लिव्हर, साखर आणि युरिक ॲसिडची रक्ततपासणी करून घ्या. डॉक्टरांनी दिली असेल तर ठरलेल्या वेळी तपासण्या चुकवू नका, आणि दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची ‘तीच’ गोळी दिली तर आधी विचारा. काही दिवस खंड पडला असेल तर पूर्वीचाच मोठा डोस एकदम सुरू करू नका.

डोळे किंवा लघवी पिवळी होणे, सतत उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणे, भूक पार जाणे, काळी शौच, अचानक नजर धूसर होणे, स्नायू दुखून लघवी गडद होणे, घेरी येऊन पडणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. लालीबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, तर ती ॲलर्जी असू शकते. एक मिनिटही थांबू नका. जाताना बाटली सोबत न्या, कारण गोळी साधी होती की स्लो रिलीज हे लेबलवरूनच कळते.