दाढ दुखत होती, आणि सगळे म्हणत होते ‘ऑटिझम आहे’

आमच्या गल्लीतला सतरा वर्षांचा एक पोरगा. बोलत नाही. मागच्या महिन्यात चार दिवस भिंतीवर डोकं आपटत होता. आईबापाने दोन दवाखाने केले. दोन्हीकडे एकच उत्तर, "ऑटिझम आहे ना, असंच करणार." तिसऱ्या डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं. दाढेखाली पू झाला होता.

हे कधीपासून चालत आलंय म्हणून थोडा इतिहास चाळला.

१९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर निबंध लिहिला. ऑटिझम हे स्वतंत्र निदान तिथून पुढे आलं. त्याच निबंधात यातल्या बऱ्याच मुलांच्या लहानपणीच्या खाण्यापिण्याच्या तक्रारी नोंदवल्या आहेत. म्हणजे शरीराचं दुखणं पहिल्यापासून कागदावर होतं. पण पुढची कित्येक वर्षं गेली आईला दोष देण्यात. आईची माया कमी, म्हणून पोर असं! १९६४ साली बर्नार्ड रिमलँड यांनी पुस्तक लिहून हे खोडून काढलं. ते स्वतः अशाच एका मुलाचे वडील होते.

आता माहीत आहे की ऑटिझमसोबत फिट्स, बद्धकोष्ठ, झोपेचे त्रास जास्त आढळतात. २०१६ साली स्वीडनमधला मोठा अभ्यास आला. त्यात मृत्यूचं सरासरी वय इतरांचं ७० होतं आणि ऑटिझम असलेल्यांचं ५४. सोळा वर्षांचा फरक!

आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं. त्याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २५ तर सांगतं की दिव्यांगांना तपासणीत आणि उपचारात प्राधान्य द्यावं, ग्रामीण भागात जवळपास सोय करावी. कागदावर सगळं आहे. आपल्या तालुक्यात किती जणांना ठाऊक आहे?

डॉक्टर मंडळींना हात जोडून विनंती. न बोलणारं पोर अचानक बिथरलं तर आधी दात, कान, पोट बघा. आईबापांनो, तुम्हीही तसा आग्रह धरा.

दाढ काढली त्या रात्री तो पोरगा शांत झोपला. चार दिवस तो सांगतच होता, आपल्याला ऐकू येत नव्हतं.