हातोडा उचलण्यापूर्वी…

मे महिन्याचा उत्तरार्ध आला की मालाडच्या पूर्व-पश्चिमेकडील हार्डवेअरच्या दुकानांत पांढऱ्या सिमेंटच्या पिशव्या, वॉटरप्रूफिंगचे डबे आणि निळी ताडपत्री यांची मागणी एकदम वाढते. याच दिवसांत चांगला गवंडी मिळणे दुरापास्त असते. मिळाला तरी तो दोन दिवसांचे काम आठवडाभर रेंगाळत ठेवतो, हा बहुतेकांचा अनुभव. त्यामुळे सुटीच्या दिवशी बाह्या सरसावून स्वतःच थापी हाती घेणाऱ्या गृहस्थांची आणि गृहिणींची संख्या कमी नाही. ही हौस स्तुत्यच आहे. थोडी माहिती आणि पुरेसा धीर असेल तर घरातील निम्म्याहून अधिक किरकोळ कामे घरच्या घरी होऊ शकतात. मात्र मुंबईच्या उपनगरातील घर हे क्वचितच एकट्याचे असते. एकाची भिंत ही दुसऱ्याच्या छताचा आधार असते, आणि आपल्या दुरुस्तीची हद्द नेमकी कुठे संपते हे कळणे हा या कामाचा पहिला धडा आहे.

मालाडला हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला. ९ जून २०२१ च्या रात्री मालवणीच्या न्यू कलेक्टर कंपाउंडमध्ये मजले चढवलेले एक घर शेजारच्या घरावर कोसळले. त्यात १२ जणांचा बळी गेला आणि त्यांत ८ मुले होती. त्याआधी तीन-चार आठवड्यांपूर्वीच तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याला घासून गेले होते आणि त्यानंतर या घराच्या बांधकामात काही फेरबदल करण्यात आले होते, असे पोलिसांनी दुर्घटनेनंतर सांगितले. त्यापूर्वी २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर पश्चिमेच्या दामोदर पार्क परिसरातील सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळून १७ जण दगावले होते. तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होते आणि त्यात इमारतीच्या खांबांना हात लावला गेला, अशी रहिवाशांची तक्रार होती. एक घर दाट वस्तीतले, दुसरी इमारत मध्यमवर्गीयांची. दोन्ही ठिकाणी दगावलेल्यांपैकी अनेकांचा त्या फेरबदलांशी काडीचाही संबंध नव्हता.

परवानगी कशाला लागते?

याचे उत्तर मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ मध्ये आहे आणि ते वाटते त्यापेक्षा बरेच सोपे आहे. कार्यालयीन भाषेत ज्यांना ‘टेनंटेबल रिपेअर्स’ म्हणतात, त्या कामांसाठी पालिकेला सूचना देण्याची गरज नाही. गिलावा, रंगरंगोटी, फरशा बदलणे, न्हाणीघर व शौचालयाची दुरुस्ती, सांडपाण्याचे पाइप, नळ आणि विजेची जोडणी-साहित्य बदलणे, गच्चीचे जुने वॉटरप्रूफिंग काढून नवे करणे आणि छप्पर पूर्वीच्याच साहित्याने पुन्हा घालणे, ही कामे त्यात येतात. बांधकामाची लांबी-रुंदी-उंची बदलणे, भार पेलणारी भिंत किंवा खांब-तुळई काढणे अथवा बदलणे, जोते वा जमीन खाली घेणे, पोटमाळा नव्याने घालणे किंवा वाढवणे आणि छपराचे साहित्य बदलणे ही कामे मात्र त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहेत. कौले काढून कौले घातली तर ती दुरुस्ती. कौलांच्या जागी स्लॅब टाकला तर ते बांधकाम.

या यादीतील पोटमाळ्याचा उल्लेख मालवणी, कुरार किंवा अप्पापाडा येथील रहिवाशांनी दोनदा वाचावा असा आहे. सामान ठेवण्यासाठी घातलेली लाकडी फळी पुढे झोपण्याची जागा होते, मग तिला लोखंडी तुळई येते, मग वर पत्र्याची खोली उभी राहते. प्रत्येक टप्पा लहान असतो, पण जोते मात्र पहिल्याच खोलीच्या हिशेबाने घातलेले असते.

इमारतीत राहणाऱ्यांना पालिकेशिवाय गृहनिर्माण संस्थेचीही संमती लागते. सदनिकेत कोणताही फेरबदल करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी, असे आदर्श उपविधी सांगतात. अनेक सभासद हा जाच समजतात. परंतु वरच्या मजल्यावर कुणी भिंत पाडू लागले की तेच सभासद सर्वांत आधी समितीकडे धाव घेतात, हेही तितकेच खरे.

ओल नेमकी कुठून येते?

घरदुरुस्तीतील सर्वाधिक पैसा ओलीवर खर्च होतो आणि त्यातला बराचसा वाया जातो, कारण उगम न शोधता डागावर उपचार केला जातो. पोपडे खरवडले, लांबी भरली, रंग दिला. पुढच्या श्रावणात डाग पुन्हा हजर.

पहिली परीक्षा अगदी घरगुती आहे. ओलसर वाटणाऱ्या भागावर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक-दोन दिवस ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूस थेंब जमले तर पाणी भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूस जमले तर तो हवेतील दमटपणा आहे आणि त्याला वॉटरप्रूफिंग नव्हे, खिडकी उघडी ठेवणे हाच उपाय आहे. बंद गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या घरांत हा दुसरा प्रकार हमखास आढळतो.

पाणी भिंतीतूनच येत असेल तर ते नळाच्या पाइपचे, सांडपाण्याचे की पावसाचे, हे ठरवावे लागते. ज्या सदनिकेतून पाणी येत असल्याचा संशय आहे, तिथला मुख्य व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवावा. असे दोन-तीन रात्री केल्यावर खालच्या छतावरचे टपकणे कमी झाले तर दोष दाबाच्या पाइपचा. काहीच फरक पडला नाही तर न्हाणीघराची जमीन तपासावी. नहाणी ट्रॅपचे तोंड प्लॅस्टिक व फडक्याने बंद करून उंबऱ्याच्या खाली राहील इतके, दोन-तीन इंच पाणी चोवीस तास साठवावे आणि पातळीची पेन्सिलने खूण करावी. खाली ओल वाढली तर फरशांचे सांधे किंवा त्याखालचे वॉटरप्रूफिंग निकामी झाले आहे. जमीन निर्दोष ठरली तर ट्रॅप उघडून त्यात नीळ मिसळलेले पाणी बादलीभर सोडावे. कपड्यांची साधी नीळ पुरते. खालच्या घरात निळसर थेंब दिसला की चोर सापडला. ही परीक्षा कोरड्या दिवसांतच करावी, कारण पावसात सगळ्याच भिंती साक्ष फिरवतात.

फरशांच्या सांध्यांचे काम कुणालाही जमण्यासारखे आहे. जुने भरण टोकदार हत्याराने खरवडून काढावे, सांधे ब्रशने स्वच्छ करून दोन दिवस पूर्ण वाळू द्यावेत आणि मगच ग्राउट भरावे. न्हाणीघरासाठी एपॉक्सी ग्राउट महाग पडते, पण टिकते. घाईने ओल्या सांध्यात भरलेले पांढरे सिमेंट काही महिन्यांत सुटते. सांधे भरूनही गळती थांबली नाही तर दोष खालच्या कोब्यात आहे, आणि कोबा उखडणे हे हौशी माणसाचे काम नव्हे.

भिंतीवर पांढरी भुकटी, म्हणजेच लोणा, दिसत असताना तिच्यावर ऑइल पेंट मारू नये. आतील ओलाव्याला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि रंग फुगून सुटतो. लोणा कोरड्या ब्रशने झाडावा, पाणी थांबवावे, भिंत महिनाभर वाळू द्यावी आणि त्यानंतर रंगाचा डबा उघडावा.

खर्च कुणाचा, हा वाद प्रत्येक सोसायटीत असतो. आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती, सामायिक पाइपलाइनची गळती, गच्ची व बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती आणि गच्चीतून झिरपणाऱ्या पाण्याने खराब झालेले सर्वांत वरच्या मजल्याचे छत ही संस्थेची जबाबदारी आहे. एखाद्या सदनिकेतील शौचालय किंवा सिंकमुळे होणारी गळती संबंधित सभासदांनी निस्तरायची असते. म्हणूनच वरील परीक्षा समितीच्या एखाद्या सदस्यासमक्ष करून त्याची छायाचित्रे ठेवणे शहाणपणाचे.

भेगांची पारख

सर्वच भेगा भीतीदायक नसतात. गिलाव्यावरील कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा बहुधा गिलावा आकसल्यामुळे पडतात आणि लांबीने भरता येतात. तुळई आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथली सरळ आडवी भेग हा दोन वेगळ्या साहित्यांच्या प्रसरण-आकुंचनाचा परिणाम असतो. चिंता करावी ती तिरप्या, रुंदावत जाणाऱ्या भेगेची आणि खांबाच्या किंवा तुळईच्या लांबीने, सळईच्या रेषेत पडलेल्या भेगेची. भेग वाढते आहे की नाही हे पाहण्यासाठी तिच्यावर आडवी, पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना एपॉक्सीने चिकटवून तारीख लिहून ठेवावी. काच तडकली तर भेग जिवंत आहे, असे समजावे.

सळई गंजली की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक होते आणि ते वरचे काँक्रीट आतून ढकलून फोडते. मार्वे, मढ आणि खाडीलगतच्या भागांत खाऱ्या हवेमुळे ही क्रिया वेगाने होते. छतावर लाकडी दांड्याने हलके ठोकून पाहावे. भक्कम काँक्रीटचा आवाज टणक येतो, सुटलेल्या थराचा बद्द. तांबूस डाग किंवा उघडी सळई दिसल्यास तिच्यावर सिमेंट फासून छत पुन्हा गुळगुळीत करण्याचा मोह टाळावा. तसे केल्याने गंज थांबत नाही, दिसेनासा होतो, एवढेच. ३० वर्षांहून जुन्या इमारतींना कलम ३५३-ब नुसार संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र घेणे बंधनकारक आहे. १९७० व ८० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या मालाडमधील इमारती केव्हाच या कक्षेत आल्या आहेत. अशा इमारतीत फरशीवर फरशी बसवण्याचा सोयीचा मार्गही जपूनच निवडावा. एक इंच मसाला आणि वर नवी फरशी यांचे वजन दर चौरस मीटरला ६० ते ७० किलो भरते. घरातील खोल्यांच्या जमिनी भारतीय मानकानुसार साधारण २०० किलो वापरभार धरून आखलेल्या असतात. त्यातला तिसरा हिस्सा केवळ हौसेपोटी खर्ची पडतो.

विजेबाबत थोडक्यात सांगायचे तर बल्ब, पंख्याचा रेग्युलेटर किंवा स्विच मुख्य कळ बंद करून आणि टेस्टरने खात्री करून बदलता येतो. नवी वायर ओढणे, गीझर किंवा एअर कंडिशनरसाठी स्वतंत्र जोडणी घेणे हे परवानाधारक वीज कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे. घरात ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवलेले नसेल तर रंगकामाआधी तो खर्च करावा. स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर-खाली ड्रिल मारू नये, कारण वायर बहुधा तिथूनच गेलेली असते. खांबात किंवा तुळईत पाइपसाठी चर खोदणे तर सर्वथा वर्ज्य.

गॅलरी, गच्ची आणि परसदार

हिरवाईची हौस गॅलरीतच भागवावी लागते, हे उपनगरी वास्तव. इथेही प्रश्न वजनाचाच. चार फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल अशा सिमेंटच्या कुंडीतील ओली मातीच १८० किलोंच्या पुढे जाते, आणि अशी कुंडी बहुधा गॅलरीच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे नेमकी नको तिथे ठेवली जाते. मातीऐवजी हलके माध्यम वापरण्याचा मार्ग मुंबईकरांनीच दाखवला आहे. डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे व अल्प माती यांच्या आधारे शहरी शेतीची पद्धत रूढ केली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातील कचऱ्याच्या बळावर भाजीपाला व फळझाडे पिकवून दाखवली. पालापाचोळा, चिपाडे आणि ओला कचरा कुजवून केलेले भरण मातीपेक्षा बरेच हलके असते आणि सोसायटीच्या कचऱ्याचा प्रश्नही काही अंशी सुटतो. गच्ची सामायिक असल्याने संस्थेची परवानगी आवश्यक आहे. कुंड्या विटांवर किंवा स्टँडवर ठेवाव्यात, म्हणजे पाणी खालून वाहून जाते आणि गळती कुठे आहे ते पाहता येते.

खरेखुरे परसदार मालाडमध्ये उरले आहे ते खारोडी, मार्वे, एरंगळ, मढ अशा गावठाणांत. ईस्ट इंडियन आणि कोळी कुटुंबांच्या जुन्या घरांची दुरुस्ती हा वेगळाच विषय. एकेकाळी मालाडच्या खाणींतील पिवळसर दगड मुंबईच्या भव्य इमारतींना जात असे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या वास्तूत तो आजही पाहता येतो. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नये. चुना ओलावा बाहेर टाकतो, सिमेंट तो आत कोंडते, आणि वरून मजबूत दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होते. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधण्यात गेलेला वेळ सार्थकी लागतो.

अंगणात पावसाचे पाणी साठवणे सर्वांत सोपे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. दहा चौरस मीटरच्या उतरत्या छपराला पन्हळ लावली तर २० मिलिमीटरच्या सरीत २०० लिटरचे पिंप भरते, आणि मुंबईत पावसाळ्यात सरासरी २,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पहिल्या सरीचे घाण पाणी सोडून द्यावे आणि पिंपाला बारीक जाळी घट्ट बांधावी. उघडे पिंप म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रण. परसातील झाड आपल्या जागेत असले तरी ते तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. इमारतीतील तळमजल्याच्या रहिवाशांनी खिडकीबाहेरची मोकळी जागा आपली समजून तिथे शेड उभारू नये. ती संस्थेची जागा आहे आणि तिथल्या कुंडीला कुणी हरकत घेतली नाही तरी शेडला घेतली जाते.

राहता राहिला राडारोडा. फोडलेल्या फरशा आणि गिलावा रात्री गुपचूप रस्त्याकडेला टाकण्याची सवय उपनगरात सार्वत्रिक आहे. अनेकदा ठेकेदार ‘आम्ही बघतो’ म्हणून गोणी नेतो आणि त्या खाडीकाठच्या खारफुटीत रित्या होतात. खारफुटीच्या क्षेत्रात असा भराव टाकण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मनाई केली आहे. राडारोडा उचलण्याची सोय पालिकेच्या विभाग कार्यालयामार्फत होते. ठेकेदार नेमला असल्यास गोणी कुठे गेल्या याची पावती मागावी आणि ती हाती येईपर्यंत शेवटचा हप्ता राखून ठेवावा.