बिनदोरीचा पतंग

वाचकहो, सावलीच्या परिसरात धान कापून झाले, की बांध्या मोकळ्या होतात. मग कुठे शंकरपट रंगतो, कुठे रात्री झाडीपट्टीच्या नाटकाचा मांडव पडतो, आणि संक्रांतीच्या सुमारास धुऱ्याधुऱ्यावर पोरे पतंग घेऊन उभी राहतात. पतंग वर चढला, की सारे लक्ष त्या एका दोरीवर. ढील द्यायची, खेचायचे, पुन्हा ढील द्यायची. आता मनाशी एवढीच कल्पना करा, की ही दोरी कापली, आणि तरीही तो पतंग वाऱ्यावर वाहून न जाता तुमच्या बोटाच्या इशाऱ्यावर डावीकडे वळला, उजवीकडे वळला, आणि शेवटी तुमच्याच बांधीत येऊन अलगद उतरला. काय वाटेल?

ही काही जादू नव्हे. घरी बांधलेल्या लहान विमानाला बिनतारी लहरींनी चालवण्याचा हा छंद आहे, आणि त्याचे वय शंभरीकडे झुकले आहे. ज्या लहरी आकाशवाणीचे भाषण तुमच्या घरात आणून पोहोचवतात, त्यांच्याच जातीच्या लहरी त्या विमानाचे सुकाणू हलवतात. त्या छंदाची हकीकत आज सांगायची आहे. ऐकणाऱ्याला वाटते, की आधी खरी विमाने झाली आणि मग त्यांची नक्कल म्हणून खेळणी निघाली. इतिहास मात्र नेमका उलट आहे. खेळणे आधी उडाले, माणूस नंतर.

इंग्लंडमधल्या जॉर्ज केली यांनी १८०४ साली एक लहानसे उडते यंत्र केले. एक लांब काठी, तिच्यावर पुढे बसवलेला पतंग, आणि मागे हलवता येणारी शेपटी. बस्स, एवढेच! पण आजच्या विमानाचा सांगाडा त्यात आलेला आहे. पुढे १८७१ साली पॅरिसच्या एका बागेत आल्फोन्स पेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने रबराला पीळ देऊन चालणारे छोटे विमान जाणकारांसमोर सोडले. ते अकरा सेकंद स्थिरपणे उडाले. अकरा सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे तुम्ही म्हणाल. पण तोवर मागे शेपूट कशासाठी हवी आणि पंख किंचित वर उचललेले का हवेत, हे इतक्या स्पष्टपणे कोणी दाखवले नव्हते. त्याच पेनोच्या धर्तीचे एक रबरी फिरकीचे खेळणे १८७८ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका धर्मोपदेशकाने आपल्या मुलांसाठी घरी आणले. त्या मुलांची नावे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. विमानाचे वेड आम्हाला त्या खेळण्याने लागले, असे ते भाऊ पुढे स्वतःच सांगत.

याच संदर्भात सॅम्युअल लँगले यांची गोष्ट सांगितली पाहिजे. ६ मे १८९६ रोजी त्यांचे वाफेवर चालणारे, माणूस नसलेले विमान पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल साक्षीला होते; त्यांनी छायाचित्रही घेतले. लँगले यांना वाटले, आता हेच चौपट मोठे करू आणि त्यात माणूस बसवू. १९०३ साली ते मोठे विमान दोनदा सोडले, आणि दोन्ही वेळा नदीत पडले. कारणे अनेक होती, पण मुळाशी एक साधे गणित होते. एखादी वस्तू लांबी, रुंदी, उंची अशी तिन्हीकडून दुप्पट केली, तर तिचा पृष्ठभाग चौपट होतो आणि वजन मात्र आठपट होते. पंखाने पेलायचे ओझे पंखापेक्षा लवकर वाढते. लहान विमान खरे बोलते हे कबूल. पण ते आपल्या मापापुरतेच बोलते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

आता आपल्या देशाकडे वळू. साल १८९५. या एका सालाला दोन गोष्टी चिकटलेल्या आहेत. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, अशी कथा महाराष्ट्रात मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. तळपदे हे खरे होऊन गेलेले गृहस्थ. विद्वान आणि उद्योगी. पण त्या उड्डाणाचा विश्वासार्ह असा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार या बाबतीत दिला जातो, त्यातल्या रचना उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली मांडला. त्याच १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बसू यांनी भिंतीपलीकडून, तारेवाचून, विद्युतलहरींनी घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. समोर माणसे बसलेली होती. उपकरण पुन्हा चालवता येत होते. अभिमान वाटायचाच असेल, तर तो यांपैकी कोणत्या गोष्टीचा वाटावा? मला वाटते, उत्तर सोपे आहे. आणि बसूंची ती घंटा म्हणजेच आपल्या बिनदोरीच्या पतंगाची पहिली दोरी, असे म्हणायला हरकत नाही. दूरवरच्या वस्तूला लहरींनी हुकूम देता येतो, हे तिने दाखवले. तीनच वर्षांनी, १८९८ साली, निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या हौदात एक लहान होडी बिनतारी चालवून दाखवली.

होडीपर्यंत आलो, पण विमान अजून दूर होते. होडीत जड यंत्र ठेवले तरी ती तरंगते. विमानाला तोळ्यातोळ्याचा हिशेब द्यावा लागतो. त्या काळचे काचेचे दिवे आणि जड बॅटऱ्या घेऊन वर कोण चढणार? हे कोडे सुटले ते अमेरिकेतल्या कॅलामाझू गावात. वॉल्टर आणि विल्यम गुड हे जुळे भाऊ. एकाला विमाने बांधण्याचा नाद, दुसरा हौशी रेडिओवाला. दोघांनी आपापला छंद एकत्र केला आणि १९३७ साली ‘गफ’ नावाचे, सुमारे आठ फूट पंखविस्ताराचे विमान जमिनीवरून चालवून दाखवले. पुढे त्यांनी राष्ट्रीय स्पर्धा पुन्हा पुन्हा जिंकल्या. ते विमान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या मालकीचे आहे.

गंमत बघा. ‘गफ’ उडण्याच्या एक वर्ष आधी, १९३६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, गांधी सेवा संघाचे अधिवेशन आपल्या सावलीत भरले होते, आणि स्वतः गांधीजी इथे आले होते. सावली हे तेव्हा खादीचे केंद्र. हाताने कातायचे, हाताने विणायचे, आणि सूत कच्चे निघाले तर सबब न सांगता पुन्हा कातायचे. कॅलामाझूच्या भावांचा आणि सावलीच्या विणकरांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, हे खरे. पण स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तूची परीक्षा ती वस्तूच घेते, हे दोघांनाही ठाऊक होते.

छंद म्हटला की तो निरागसच राहतो असे नाही. हॉलिवूडमधला रेजिनाल्ड डेनी हा नट. त्याने १९३४ साली लहान विमानांचे दुकान काढले. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या कंपनीने तोफचींच्या नेमबाजीच्या सरावासाठी अशी बिनतारी विमाने पंधरा हजारांच्या आसपास तयार करून दिली. त्या कारखान्यात काम करताना जिचे छायाचित्र काढले गेले, ती मुलगी पुढे मेरिलिन मन्रो या नावाने जगाला ठाऊक झाली. आज ज्याला आपण ड्रोन म्हणतो, त्याच्या वंशवेलीत हे एक पान आहे. ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

त्या जुन्या विमानांचे चालवणे कसे होते, ते सांगतो. हातात एकच बटण. दाबले की सुकाणू एका बाजूला, सोडले की मध्ये. पुन्हा दाबले की दुसऱ्या बाजूला. म्हणजे मघाशी कोणत्या बाजूची पाळी होती, हे स्वतःच लक्षात ठेवायचे. चुकले, की विमान झाडात! विमानात एक दातेरी चाक आणि ते अडवणारी खिट्टी असे. ताकद द्यायला पिळलेले रबर. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला, काचेचे दिवे गेले, वजन उतरले. १९६० नंतरच्या दशकात हातातली दांडी जितकी हलवावी तितकेच सुकाणू हलेल, अशी व्यवस्था आली. आपल्या भाषेत सांगायचे तर आधी नुसती पराणी होती. आता कासरा हाती आला.

आणखी एक अडचण राहिली. एकाच मैदानावर दोघांनी एकाच लहरीवर यंत्र चालू केले, तर दोन्ही विमानांना दोन मालक! त्यावर हौशी लोकांनी साधा उपाय काढला. मैदानावर एक फळी, तिच्यावर चिमटे. ज्याच्याकडे त्या लहरीचा चिमटा, त्यानेच यंत्र चालू करायचे. चोर-शिपाई नाही, दंड नाही. चिमट्याचा मान सर्वांनी राखायचा. २००५ नंतर नव्या जातीची यंत्रे आली. ती आपली मोकळी वाट आपणच शोधतात, त्यामुळे चिमटे बहुतेक गेले. काही जुनी माणसे त्या चिमट्यांची आठवण अजून काढतात, आणि ते मला समजते.

आपल्याकडे या विद्येला आश्रय मिळाला तो मुख्यतः राष्ट्रीय छात्र सेनेत. छात्र सेना १९४८ साली सुरू झाली आणि १९५० पासून तिची वायुशाखा आली. या शाखेचे छात्र आजही विमानांच्या प्रतिकृती बांधतात. काही तारेला बांधून गोल फिरवतात, काही बिनतारी उडवतात, आणि त्यांच्या स्पर्धाही होतात. पण असे छात्र बहुधा मोठ्या शहरांतल्या महाविद्यालयांतले. सावली, सिंदेवाही, मूल, चामोर्शी इथल्या शाळेतल्या पोराच्या वाट्याला हे सहसा येत नाही. त्याच्या डोक्यावरचे आभाळ मात्र नागपूरच्या आभाळापेक्षा मोकळे आहे!

सामान कुठून आणायचे, असे कोणी विचारील. बाहेरदेशी हे विमान बाल्सा नावाच्या दक्षिण अमेरिकेतल्या हलक्या लाकडाचे करीत. पंखांवर पातळ कागद किंवा रेशीम ताणून चढवीत आणि त्यावर लुकण देत. आता सांगा, बांबू कोणाच्या जंगलात आहे? टसरचे रेशीम कोणाच्या आरमोरीत निघते? बांबूची बारीक चिरलेली काडी वजनाला बाल्सापेक्षा जड खरी, पण वाकते आणि सहज तुटत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचा बुरूड ती डोळे मिटून सोलू शकतो. सुरुवातीला तर तेही नको. थर्माकोलचा एक पातळ तुकडा, नाकावर मातीची गोळी, आणि सोडून द्या. नाक जड असेल तर विमान सरळ खाली येईल. शेपूट जड असेल तर वर उचलेल, थबकेल आणि मग कोसळेल. गोळी कमी-जास्त करीत करीत ते सरळ तरंगू लागले, की समजा, तुम्हाला गुरुत्वमध्य कळला. पुस्तकात तो शब्द शंभरदा वाचूनही कळत नाही असा.

आणि मग इंजिनाचे, पुढे बिनतारीचे विमान. इथे एक गोष्ट प्रत्येकाची फजिती करते. विमान तुमच्यापासून दूर जात असते तेव्हा तुमचे डावे ते त्याचे डावे. ते वळून तुमच्याकडे येऊ लागले, की सारे उलटे होते. मन गोंधळते, बोट चुकते. त्यावर उपाय एकच: आपण जमिनीवर उभे आहोत हे विसरायचे आणि मनाने विमानात जाऊन बसायचे. दुसऱ्याच्या जागी बसून पाहण्याची ही सवय विमानापुरती राहत नाही, असे मला वाटते.

वाचकहो, आज बाजारात तयार ड्रोन मिळतो. पेटी उघडावी, बटण दाबावे, तो वर जाऊन आपोआप स्थिर राहतो. धानावर फवारणी करणारे मोठे ड्रोनही आले आहेत, आणि ते उपयोगाचे आहेत, यात वाद नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सरकारने त्यांचे नियम केले. कुठे उडवता येते याचा नकाशा आहे, आणि मोकळ्या क्षेत्रातही साधारण चारशे फुटांच्या वर जाता येत नाही. आपल्या भागात तर वन्यप्राण्यांचे जंगल आहे, पोलिसांचा बंदोबस्त आहे. तेव्हा विमान छोटे असो वा मोठे, नकाशा पाहूनच आणि पोलीस ठाण्यात विचारूनच उडवावे. जंगलात तर वनखात्याच्या परवानगीवाचून उडवूच नये. हा छंद चोरून करण्यासारखा नाही.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. उद्या या ड्रोनचा पंखा मोडला, तो एका बाजूला कलू लागला, तर सावलीचा मुलगा किंवा मुलगी तो उघडून दुरुस्त करील, की पेटीत भरून दूरच्या शहरी पाठवील? ज्याने कधी थर्माकोलच्या नाकावर मातीची गोळी लावून पाहिली आहे, तो निदान उघडून तरी बघेल. बाकीचे गिऱ्हाईक राहतील. आभाळ आपले, शेत आपले, धान आपले, आणि त्यावरून उडणाऱ्या यंत्राची किल्ली मात्र परक्याच्या हातात. हे काही बरे नव्हे.

म्हणून शाळेतल्या गुरुजींना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती. येत्या हंगामात बांधी मोकळी झाली, की पोरांना एक तुकडा थर्माकोल, दोन बांबूच्या काड्या आणि रबर द्या. विमान पहिल्या दिवशी पडेल, दुसऱ्या दिवशीही पडेल. तेव्हा ‘कशाला हे नसते उद्योग’ असे म्हणू नका. जवळ जाऊन फक्त विचारा, ‘का पडलं रे, बाबू?’ त्याला उत्तर शोधू द्या.